मदत हवी आहे: केअर सेंटरमध्ये आईच्या गोळ्यांची चूक पुन्हा होऊ नये म्हणून काय करू?

नमस्कार मंडळी,

आई ७८ वर्षांची, दीड वर्षापासून पुण्यात एका केअर सेंटरमध्ये आहे. मी नागपूरला. तिला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आईचा वार रविवार. बाकी दिवस फॉलिक ॲसिड. दोन्ही गोळ्या बारीक, पिवळ्या.

दोन महिन्यांपूर्वी सेंटरने औषधांचं रजिस्टर बदललं. नव्या वहीत सकाळ, दुपार, रात्र एवढेच रकाने. वार लिहायला जागाच नाही, म्हणून उतरवून घेणाऱ्या मुलीने मेथोट्रेक्सेट सकाळच्या रकान्यात लिहिली. सलग सहा दिवस आईला ती रोज मिळाली. फोनवर आई म्हणाली, "तोंड आलंय गं, वरणभातसुद्धा झोंबतो." मी बी-कॉम्प्लेक्स घे म्हणाले. ते दोन दिवस वाया गेले याचं अजून फार वाईट वाटतं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी खूपच उतरलेल्या. ॲडमिट केलं, फोलिनिक ॲसिडची (मेथोट्रेक्सेटवरचा उतारा) इंजेक्शनं दिली, तेव्हा कुठे सावरली.

आता ती परत तिथेच आहे. तिथल्या मावशींचा तिला लळा आहे, आणि त्या जीव लावून करतात. त्या मुलीवरही माझा राग नाही. बावीस जणांच्या गोळ्या ती एकटी काढते.

सध्या मेथोट्रेक्सेटची पट्टी सेंटरमध्ये ठेवतच नाही. मावसबहीण दर रविवारी जाऊन समोर गोळी देते. पण दिवाळीनंतर ती बंगळूरला चालली आहे. पुढे काय?

वारांचा डबा भरून ठेवा असं सेंटर म्हणतं, पण भरणार कोण? दर महिन्याला मला येणं जमत नाही. पुण्यात कुणी केमिस्ट दिवसावार पुड्या करून, वर नाव लिहून देतात का? आमचा केमिस्ट पट्टी कापून देतो, त्यात औषधाचं नावच उडून जातं. शिवाय कंपनी बदलली की गोळीचा रंगही बदलतो आणि मावशी गोंधळतात.

दुसरं म्हणजे, डिस्चार्जनंतर बीपीची जुनी गोळी आणि कार्डावरची नवी, दोन्ही चालू राहिल्या होत्या. नावं वेगळी, औषध एकच! मावसबहिणीच्या लक्षात आलं म्हणून थांबलं. हॉस्पिटलमधून परतल्यावर यादी कुणाकडून तपासून घेता तुम्ही?

कुणी नर्स असतील तर प्लीज सांगा: गोळी देताना दुसऱ्या माणसाने बघून सही करावी, हे सेंटरला कसं सुचवू? संबंध बिघडले तर आई तिथे एकटी आहे.