मदत हवी आहे: मुंबईच्या जलवाहिन्यांत एका वेळी किती पाणी असतं?

टाक्या, तलाव सोडून फक्त नळजाळ्यातलं पाणी मोजायचंय, ढोबळ आकडा चालेल. रोजचा पुरवठा (सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर) नकोय, तो प्रवाह झाला. मला साठा हवाय.

व्यासावरून हिशेब केला: १५० मिमीच्या पाइपात किलोमीटरला जेमतेम १७,७०० लिटर, ३,००० मिमीच्यात ७० लाखांहून जास्त. म्हणजे बारीक पाइपांची लांबी चुकली तरी फार बिघडत नाही, मोठ्या वाहिन्या आणि बोगदे चुकले की सगळंच गेलं. एकट्या गुंदवली–भांडुप बोगद्यात (१५ किमी, व्यास ५.५ मीटर) साडेपस्तीस कोटी लिटर मावतात!

अडलंय ते गल्लीतल्या पाइपांपाशी. पुरवठा ठरावीक तासच. पाणी बंद झालं की उतारावरचे पाइप रिकामे होतात, सखल भागातले भरलेले राहतात. शिवाय जुन्या बिडाच्या पाइपांत गंज साचून आतला व्यास घटतो. जाळ्याचा नकाशा माझ्याकडे नाही आणि मिळणारही नाही, त्यामुळे ‘मॉडेल चालवून बघा’ नको.

पाणी बंद असताना वितरण पाइपांत किती टक्के पाणी धरायचं, आणि गंजासाठी व्यास किती कमी करायचा? प्रत्यक्ष काम केलेलं कुणी सांगेल का?