फॉस्टर केअरमध्ये आलेलं लहान मूल: तुमचे अनुभव

आई-वडिलांना सांभाळता येत नाही म्हणून मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवतात, ते फॉस्टर केअर. दोन ते सात वर्षांचं मूल असं अनोळखी घरात राहायला येतं, तेव्हा त्याला काय सांगितलंत? कशाने त्याला धीर आला? फॉस्टर पालक, समाजसेवक, स्वतः असं वाढलेले, सगळ्यांनी लिहा. मुलाची ओळख पटेल असं काही नको. कायदा-कागदपत्रांची चर्चाही इथे नको.

फॉस्टर आई
आमच्याकडे आली तेव्हा ती चार वर्षांची. रात्री अंथरुणात विचारलं, "मी भावाला ढकललं म्हणून मला पाठवलं ना?" या वयात घरातलं सगळं आपल्यामुळेच घडतं असं मुलांना वाटतं. त्यांना "तुझी चूक नाही" हे एकदा सांगून भागत नाही. आमचं वाक्य ठरलेलं होतं: "आईला सध्या तुला नीट सांभाळता येत नाहीये. त्यात तुझं काहीच चुकलेलं नाही. आईला मदत करायचं काम मोठ्या माणसांचं." वेणी घालताना, चप्पल चढवताना, शब्दही न बदलता तेच. पुढे एकदा ती बाहुलीला दरडावून सांगत होती, "तुझं काहीच चुकलेलं नाही, कळलं?"

"आई लवकर येईल" मात्र आम्ही कधीच म्हटलं नाही. चार वर्षांच्या मुलाचं "लवकर" म्हणजे जेवण झाल्यावर. "मला अजून माहीत नाही, कळलं की सांगेन" हे ऐकून ती रडायची, पण विश्वास ठेवायची.

समाजसेविका
"किती गुणी आहे, रडतसुद्धा नाही" असं कुणी म्हटलं की मला काळजी वाटते. ब्रिटिश समाजसेवक आणि मनोविश्लेषक जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात आईपासून दूर राहिलेल्या लहान मुलांचं निरीक्षण करून तीन टप्पे सांगितले: आधी आक्रोश, मग हताशा, मग अलिप्तपणा. तिसरा टप्पा बघणाऱ्याला "रुळलं" असा दिसतो. 1960च्या दशकात त्यांनी आणि पत्नी जॉइस यांनी आईपासून काही दिवस दूर राहावं लागलेली काही मुलं स्वतःच्या घरी सांभाळली. मुलांसमोर आईचा विषय ते टाळत नसत. उलट मुद्दाम काढत, फोटो दाखवत. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं: आठवण काढू नका, रडेल!

फॉस्टर बाबा
सोबत आलेली चादर धुऊ नका. कळकट असली तरी त्या वासावर मूल झोपतं. बाकी कपडे खुशाल धुवा.

लहानपणी फॉस्टर घरात वाढलेली
मला पहिल्याच दिवशी "आता हिला आई म्हण" असं सांगितलं. मी कितीतरी दिवस तिला हाकच मारली नाही, जवळ जाऊन पदर ओढायचे. काय हाक मारायची ते मुलाला ठरवू द्या ना! आणि भावंडं शक्यतो वेगळी करू नका. संयुक्त राष्ट्रांच्या 2009च्या पर्यायी संगोपनाच्या (म्हणजे आई-वडिलांपासून दूर असलेल्या मुलांच्या सांभाळाच्या) मार्गदर्शक तत्त्वांतही हे आहे.

नवीन पालक
आमच्याकडे तीन वर्षांचा मुलगा येणार आहे. आईला भेटून आला की अंथरूण ओलं करतो म्हणे. भेटी कमी करायला सांगू का?

फॉस्टर आई
एवढ्यावरून नको. पुन्हा निरोप घ्यावा लागतो, त्याचा ताण असतो तो. भेटीच्या दिवशी दुसरं काही ठरवू नका, जास्तीची चादर काढून ठेवा. आणि त्याच्या आईला आत्ताच विचारून घ्या: झोपवताना काय म्हणते, दिवा चालू लागतो का, शू लागली की तो कोणता शब्द वापरतो.