आईबाबांसाठी विनाडेटा रिचार्ज आणि घरचे वायफाय: जमेल का?

खळ्यातली_रेंज

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे.

संगमेश्वर तालुक्यातली वाडी. घरी आईबाबा दोघेच. फायबर जोडणी आधीपासून आहे, महिना ३९९ अधिक जीएसटी. दोघांच्या फोनवर रोज दीड जीबीचे ८४ दिवसांचे रिचार्ज चालते आणि महिन्याला दोघांचा मिळून एक जीबीही वापरला जात नाही, कारण सगळे वायफायवरच होते. घर चिऱ्याचे. माजघरात नेटवर्कची एक दांडी, खळ्यात (अंगणात) तीन. एक फोन सॅमसंग, एक रेडमी, दोन्ही गेल्या तीन वर्षांतले. बाबा आठवड्यातून दोनदा बाजारात जातात, यूपीआयने पैसे देतात. पावसाळ्यात वीज तासन्तास नसते.

फक्त कॉल आणि एसएमएसचा स्वस्त प्लॅन घ्यावा आणि बाकी वायफाय कॉलिंगवर सोडावे, असा विचार आहे. काय बिघडू शकते?

विनाडेटा

आधी एक गैरसमज काढून टाका. वायफाय कॉलिंग म्हणजे व्हॉट्सॲप कॉल नव्हे. नंबर तोच, डायलर तोच, फक्त टॉवरऐवजी तुमच्या ब्रॉडबँडमधून कॉल कंपनीपर्यंत जातो. त्यामुळे रिचार्ज संपले की वायफाय कॉलिंगही संपले. कॉलमध्ये पैसे वाचत नाहीत, कारण कॉल आधीच अमर्याद असतात. वाचतात ते फक्त डेटाचे. वायफाय कॉलिंग तुम्हाला लागणार ते माजघरातल्या त्या एका दांडीसाठी.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नियम केला की प्रत्येक कंपनीने फक्त कॉल-एसएमएसचे रिचार्ज द्यायलाच हवे, आणि अशा व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. जानेवारी २०२५ मध्ये ते बाजारात आले. तेव्हाचे भाव: जिओ ८४ दिवस ४४८ आणि ३३६ दिवस १७४८. एअरटेल ८४ दिवस ४६९ आणि ३६५ दिवस १८४९. व्ही (व्होडाफोन-आयडिया) ८४ दिवस ४७० आणि ३६५ दिवस १८४९. ताजा आकडा ॲपमध्ये बघून घ्या.

आता गणित. जिओचे दीड जीबीवाले ८४ दिवसांचे रिचार्ज तेव्हा ७९९ होते. ४४८ घेतले तर ३५१ वाचले, म्हणजे दिवसाला चार रुपये आणि चिल्लर. वर्षाला एका फोनमागे साधारण दीड हजार. दोन फोन म्हणजे तीन हजार. ही खरी बचत.

पण मधला पर्याय बघा. २८ दिवसांचे, एकूण २ जीबीचे रिचार्ज जिओत १८९ आणि एअरटेलमध्ये १९९ होते. तीनदा मारले की ८४ दिवस: ५६७ किंवा ५९७. विनाडेटापेक्षा ११९ ते १२८ जास्त, म्हणजे दिवसाला दीड रुपया. बाबांना बाजारात यूपीआय लागते, तर त्यांच्यासाठी मी हेच घेईन. आईंसाठी निव्वळ विनाडेटा. दोघांना एकच प्लॅन हवा असा कुठे नियम आहे?

आणि ज्यांच्या घरी ब्रॉडबँड नाही त्यांनी या धाग्यावरून उत्साहात फायबर बसवू नये. ३९९ वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४७१. ते फक्त मोबाइलचा डेटा वाचवायला घेतले तर महिन्याभरातच बचत बुडते.

डीबीएम_मोजणारा

विनाडेटा यांच्याशी सहमत. वार्षिक मात्र आत्ता घेऊ नका. वायफाय कॉलिंग नीट चालले नाही आणि नंबर दुसऱ्या कंपनीत न्यावा लागला, तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळत नाहीत. पोर्ट करायला सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावे लागतात, म्हणजे आधी ८४ दिवसांचे घेऊन तपासणे बरे.

तपासणी सध्याचे रिचार्ज चालू असतानाच करा, फुकट आहे:

१. सिमच्या सेटिंगमध्ये व्होल्टे (४जीवरून कॉल करायची सोय) चालू करा. ते बंद असेल तर पुढचे सहसा जमत नाही.
२. सॅमसंगमध्ये फोन ॲपच्या सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' सापडेल. रेडमीत सिमच्या सेटिंगमध्ये 'वायफाय वापरून कॉल करा' अशा अर्थाचा पर्याय असतो.
३. प्राधान्य विचारले तर वायफायला द्या. मोबाइल नेटवर्कला दिलेत तर फोन त्या एका दांडीला चिकटून बसतो आणि वायफाय असूनही कॉल तुटत राहतो. निम्म्या तक्रारींचे मूळ हेच असते.
४. विमान मोड चालू करा, मग फक्त वायफाय चालू करा. मिनिटभरात वर वायफाय कॉलिंगची खूण दिसायला हवी.
५. याच अवस्थेत एक कॉल करा, एक घ्या. फोन अर्धा तास पडून राहू द्या आणि पुन्हा बाहेरून कॉल लावा. हा शेवटचा भाग सगळे गाळतात. स्क्रीन बंद झाल्यावर बॅटरी सेव्हर वायफाय झोपवतो, आणि मग जाणारे कॉल ठणठणीत पण येणारे वाजतच नाहीत असे होते.

खूण दिसलीच नाही तर दुसऱ्या कुणाच्या फोनचा हॉटस्पॉट पकडून बघा. हॉटस्पॉटवर दिसली आणि घरच्या वायफायवर नाही, तर दोष राउटरचा किंवा ब्रॉडबँडवाल्याचा. वायफाय कॉल यूडीपी ५०० आणि ४५०० या दोन पोर्टवरून बोगदा काढून जातो. राउटरमध्ये आयपीसेक पासथ्रू (अशा बोगद्याला वाट देणारी सेटिंग) बंद असेल किंवा फायरवॉल 'उच्च'वर असेल तर तो अडतो. फोनमध्ये व्हीपीएन किंवा जाहिराती अडवणारा खाजगी डीएनएस असेल तर तोही काढून बघा.

वेगाची चिंता नको. एका कॉलला दोन्ही बाजूंना १०० केबीपीएसच्या आसपास पुरते, मिनिटाला दीड एमबीच्या आत. ३० एमबीपीएसची जोडणी भरपूर झाली. कॉलची वाट लागते ती अडखळत्या सिग्नलमुळे.

सातारकर७१

एवढा खटाटोप कशाला? व्हॉट्सॲप कॉल करा की.

विनाडेटा

बँकेचा फोन व्हॉट्सॲपवर येत नाही. गॅसवाल्याचा, कुरिअरवाल्याचा, शेजारच्या आजोबांच्या बटणवाल्या फोनवरचाही नाही.

खळ्यातली_रेंज

विमान मोडची तपासणी झाली. सॅमसंगवर लगेच चालले. रेडमीवर खूण येते-जाते. आणि बोलत बोलत माजघरातून खळ्यात गेले की दोन्हींवर कॉल तुटतो. राउटर पडवीत आहे, कारण केबल तिथेच आली आहे.

डीबीएम_मोजणारा

पडवी आणि माजघर यांत किती भिंती? एका चिऱ्याची भिंत धरली तरी नऊ इंच. वायफायचे दोन बँड (लहरींचे पट्टे) असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ वाला एका भिंतीनंतर दम तोडतो. राउटरमध्ये दोन्ही बँडना एकच नाव असेल तर फोन कधी या बँडवर कधी त्या बँडवर उड्या मारतो, आणि रेडमीची येणारी-जाणारी खूण बहुधा त्याचीच. २.४ ला वेगळे नाव द्या आणि दोन्ही फोन फक्त त्यालाच जोडा.

मग एखादे वायफाय मोजणारे मोफत ॲप घेऊन माजघरात जिथे फोन ठेवतात तिथे आकडा बघा. डीबीएम हे सिग्नलचे माप, शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला असेल तर निवांत. उणे ७५ च्या खाली गेला की आवाज तुटणार. तसे असेल तर माजघरात दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) लावा आणि तो पडवीतल्या राउटरला केबलने जोडा. बिनतारी रिपीटर नको. तो स्वतःच भिंतीपलीकडचा अर्धामुर्धा सिग्नल घेऊन पुढे पाठवतो.

खळ्याचे वेगळे. वायफायवरचा कॉल चालू असताना फक्त व्होल्टेवर सरकू शकतो. बाहेर ४जी ऐवजी २जी मिळत असेल तर तो सरकत नाही, तुटतो. खळ्यात तीन दांड्या कसल्या आहेत ते बघा. ४जी असूनही तुटत असेल तर फोन मरतुकड्या वायफायला शेवटपर्यंत धरून बसतोय. तेव्हा चालता चालता बोलू नका, हाच उपाय. किंवा राउटर असा सरकवा की खळ्यातही धड पोचेल.

बारा_व्होल्ट

विजेचे कुणी बोललेच नाही.

राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर राउटर चालवणारी बॅटरी, मिळतो. घेण्याआधी अडॅप्टरवरचा छापील आकडा वाचा: बहुतेक १२ व्होल्ट, १ ते २ अँपिअर. काही ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ चा लावू नका. पिनचा व्यासही जुळवा.

किती तास चालेल हे खोक्यावरच्या एमएएचवरून ठरवू नका, तो आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. २००० एमएएचचे चार सेल म्हणजे ८ गुणिले ३.७, साधारण ३० वॉट-तास. रूपांतरात थोडे जाते, हाती २५ उरतात. राउटर ८ वॉट खात असेल तर तीन तास. तुमच्याकडे वीज पाच-सहा तास जात असेल तर दुप्पट सेलचा घ्या, किंवा घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग त्याच्या लाइनवर न्या.

आता खरी गोम. तुमचा राउटर चालू राहिला म्हणून इंटरनेट चालू राहील असे नाही. जीपॉन पद्धतीची (केंद्रापासून घरापर्यंत सलग फायबरची) जोडणी असेल तर वाटेतल्या स्प्लिटरला, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या भागाला, वीज लागत नाही, मूळ केंद्रात बॅकअप असला की झाले. पण केबलवाल्याने मध्येच कुणाच्या घरात किंवा खांबावरच्या पेटीत विजेवर चालणारा स्विच ठेवला असेल, तर तिथली वीज गेली की तुमचा यूपीएस शोभेला. हे विचारायची गरज नाही. पुढच्या वेळी वीज गेली की राउटर त्याला जुळणारे व्होल्ट देणाऱ्या पॉवरबँकवर किंवा इन्व्हर्टरवर चालवून बघा: लाल एलओएस दिवा (फायबरचा सिग्नल गेल्याची खूण) लागला नाही आणि नेट चालले, तर घ्या यूपीएस.

वळवाच्या पावसात विजा कडकडतात तेव्हा यूपीएसचा अडॅप्टर भिंतीतून काढून ठेवा. राउटर बॅटरीवर चालत राहतो आणि लाइनमधून येणाऱ्या झटक्यापासून वाचतो.

कोल्हापुरी_पावती

यूपीआयबद्दल थोडे. विनाडेटा सिमवर बाजारात यूपीआय ॲप उघडणारच नाही. यूपीआय लाइटला (छोट्या रकमांच्या यूपीआयला) पिन लागत नाही, पण साध्या लाइटलाही नेट लागतेच.

*९९# डायल करूनही यूपीआय करता येते. त्याला नेट लागत नाही, शुल्कही नाही, मर्यादा ५००० रुपये. पण ते जिओवर चालत नाही, आणि दुकानदाराचा क्यूआर त्यात स्कॅन होत नाही. मोबाइल नंबर किंवा यूपीआय आयडी टाइप करत बसा. मागे रांग असेल तर बघायलाच नको.

एका दिवसाचे एक जीबीचे व्हाउचर विशीच्या आसपास मिळते. आठवड्यातून दोनदा म्हणजे महिन्याला दीडशेच्या वर. म्हणजे बाबांसाठी १८९ वालेच स्वस्त, हे विनाडेटा यांनी सांगितलेच आहे. शिवाय डेटा व्हाउचर कॉल-एसएमएसच्या प्लॅनवर चढते की नाही हे त्या प्लॅनच्या अटींत वाचून घ्या, गृहीत धरू नका.

आईंच्या फोनवर मोबाइल डेटाचे बटण बंदच ठेवा. मुख्य शिल्लक असेल आणि प्लॅनमध्ये डेटा नसेल तर ॲपचे अपडेट ती शिल्लक खाऊ शकतात.

घराबाहेरच्या फुकट वायफायवरही विसंबू नका. रेल्वे स्थानकावर रेलवायर या सेवेचे वायफाय रोज ३० मिनिटे मोफत असते. त्याला ओटीपी टाकून आत शिरेपर्यंत वायफाय कॉलिंगही चालत नाही. ओटीपी टॉवरवरूनच येणार.

खळ्यातली_रेंज

२.४ ला वेगळे नाव दिले, रेडमी स्थिर झाला. माजघरात उणे ६४. खळ्यात ४जी आहे, तरी तुटतो. खळ्यात गेल्यावर नव्याने कॉल लावायचा असे ठरवले. आईला विनाडेटा ८४ दिवस, बाबांना २८ दिवसांचे २ जीबी.

एक अडले. विमान मोडमध्ये बँकेचा ओटीपी आलाच नाही. मोड काढल्यावर तीन एकदम आले.

डीबीएम_मोजणारा

वायफायवरून एसएमएस येणे हे कॉलपेक्षा वेगळे प्रकरण आहे. कंपनी आणि फोनचे मॉडेल दोघांनीही ते चालू केलेले असावे लागते. तुमच्या जोडीत ते नाही. म्हणून विमान मोड फक्त तपासणीपुरता. रोजच्या वापरात तो बंद ठेवा: कॉल वायफायवरून जातील आणि एसएमएस त्या एका दांडीवर येतील. एसएमएसला एवढी दांडी सहसा पुरते. यूपीआय ॲप नव्याने नोंदवताना फोन स्वतः एक एसएमएस पाठवतो, ते काम खळ्यात उभे राहून करा.

आणीबाणीच्या ११२ चेही तसेच. वायफाय कॉलवर तुमचे ठिकाण टॉवरवरून कळत नाही. खळ्यात जाऊन लावायला सांगा. स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी तो दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून लागतो.

विनाडेटा

बाबांचे २८ दिवसांचे आहे, त्यामुळे वर्षात तेरा वेळा मारावे लागेल. तारीख तुमच्या कॅलेंडरवर टाका, त्यांच्या नव्हे. आणि रिचार्ज दोन दिवस आधी करा. घरचे नेट बंद आणि रिचार्जही संपलेले, अशी वेळ एकदम आली तर त्यांच्याकडून ते करायला शेजारचा फोन मागावा लागेल.