मदत हवी आहे : एमआयआरसी स्क्रिप्टमध्ये हॅश टेबलवर लूप फिरवताना मधल्या नोंदी सुटतात

नमस्कार मंडळी,

एमआयआरसी (आयआरसी चॅटचा विंडोज प्रोग्राम) यासाठी निरोप ठेवणारी स्क्रिप्ट लिहितोय. चॅनेलवर कोणी हजर नसेल तर त्याच्या नावे निरोप ठेवायचा, तो आला की त्याला मिळतो. सगळं हॅश टेबलमध्ये (नाव आणि त्याचा डेटा अशा जोड्यांच्या यादीत) आहे: आयटम म्हणजे निक (चॅटमधलं टोपणनाव), डेटामध्ये आधी सीटाइमचे (१९७० पासून मोजलेले) सेकंद, मग स्पेस, मग निरोप.

अडलंय ते जुने निरोप पुसताना. ३० दिवस, म्हणजे २५,९२,००० सेकंद उलटले की निरोप काढायचा. व्हाइल लूपमध्ये क्रमांक मोजणारा 'आय' एकपासून सुरू होतो आणि एचगेटला (टेबल वाचणाऱ्या फंक्शनला) शून्य देऊन मिळणाऱ्या एकूण आकड्यापर्यंत जातो. दर फेरीत त्या क्रमांकाचा आयटम घ्यायचा, गेटटॉकने (मजकुराचा तुकडा काढणाऱ्या फंक्शनने) सेकंद वेगळे करायचे, जुना असेल तर एचडेलने पुसायचा, मग आय एकने वाढवायचा.

तपासायला सहा निरोप टाकले, सहाही जुन्या वेळेचे. लूप चालवला, तीन उरले. परत चालवला, एक उरला. एरर काहीच नाही. दर तासाला टायमर लावला तर साफ होईलही, पण असं का होतं ते कळल्याशिवाय लोकांचे निरोप या स्क्रिप्टवर सोपवायला मन धजत नाही.

प्रतिसाद १

तुमची अट बरोबर आहे, चूक चालण्याच्या दिशेत आहे. पहिला आयटम पुसला की दुसरा पहिल्याच्या जागी सरकतो, आणि तुमचा आय तोवर दोनवर पोचलेला असतो. म्हणून एकाआड एक नोंद पुसायची राहून जाते.

शेवटाकडून या. एकूण आकडा आधी आयमध्ये घ्या, आय शून्यापेक्षा मोठा आहे तोवर फिरवा, दर फेरीत एकने कमी करा. मग सरकतात त्या फक्त पाहून झालेल्या नोंदी. आय कमी करायची ओळ मात्र इफच्या महिरपी कंसाबाहेरच ठेवा, नाहीतर पहिल्या ताज्या निरोपाशी लूप अडकेल आणि एमआयआरसी गोठेल. गोठलंच तर कंट्रोल-ब्रेक दाबा.

प्रतिसाद २

मला दुसरीच काळजी वाटते. एकाच निकला दोन निरोप आले तर एचअ‍ॅड (टेबलमध्ये नोंद टाकणारी कमांड) पहिल्यावरच लिहितं, म्हणजे पहिला गेलाच. आयटमचं नाव निक, टिंब, सेकंद असं जोडून करा. निकमध्ये टिंब चालत नाही, त्यामुळे गोंधळ होणार नाही. एकाचे सगळे निरोप मग एचफाइंडला (टेबलमध्ये शोधणाऱ्या फंक्शनला) वाइल्डकार्ड, म्हणजे निक, टिंब आणि पुढे काहीही चालेल असं चिन्ह, देऊन सापडतील. आणि टेबल फक्त मेमरीत असतं, बंद करताना एचसेव्हने फाइलमध्ये साठवलं नाही तर सगळंच जाईल.

धागाकर्ता

उलटा फिरवला, सहाच्या सहा गेले! मग तीन जुने, तीन ताजे मिसळून पाहिले. ताजे तिन्ही जागेवर. दोन निरोपांचं तर लक्षातच आलं नव्हतं, आयटमची नावं आजच बदलतो. एक शंका: एखाद्याचे दहा-बारा निरोप साठले असतील तर लूपमधून एकदम पाठवू का?

प्रतिसाद १

नको, सर्व्हर फ्लड (संदेशांचा भडिमार) समजून तुमचं कनेक्शन तोडू शकतो. टायमर लावून दोन-दोन सेकंदांनी एकेक सोडा, आणि पाठवल्यावरच पुसा.