भावाच्या संस्थेबद्दल मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, आम्ही खानापूरकडचे. धाकटा भाऊ मतिमंद आहे, आई गेल्यापासून एका निवासी संस्थेत ठेवलंय त्याला. परवा भेटायला गेलो तर नखं वाढलेली, अंगावर दुसऱ्याचाच शर्ट आणि दुपारी चारला गुंगीत पडलेला, गोळी कसली दिली विचारलं तर चिठ्ठी दाखवेनात. तिथं सगळे कन्नड बोलतात, ह्याला मराठीच कळतं, पाणी पाहिजे हे तरी कुणाला सांगणार तो? 2016 च्या दिव्यांग कायद्यानं संस्थेचं रजिस्ट्रेशन लागतं, ते बघायला आणि तक्रार द्यायला बेळगावात डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला जायचं की दिव्यांग खात्यात? अर्ज मराठीत घेतात काय? निपाणी, गडहिंग्लजकडं स्वतः आत जाऊन बघितलेली चांगली संस्था असेल तर प्लीज सांगा.