'शासनमुक्त शिक्षण' म्हणजे नक्की कशातून मुक्त?

पाटीपेन्सिल
एका लेखाचं मराठी करतेय. विषय असा की शाळेत मूल मध्यभागी असावं आणि त्याने काय शिकायचं हे सरकारने ठरवू नये. शीर्षक केलं 'बालकेंद्री आणि शासनमुक्त शिक्षण'. मसुदा सासऱ्यांना वाचायला दिला. ते निवृत्त मुख्याध्यापक. शीर्षकावरच अडले. म्हणाले, "छडी बंद होऊन किती वर्षं झाली, आता त्यावर लेख कशाला?" मला आधी कळेचना. त्यांनी ते 'त्याला चांगलं शासन झालं पाहिजे' मधलं शासन घेतलं होतं!
'राज्य' करून बघितलं, तर 'राज्याचं नियंत्रण' म्हटल्यावर केंद्र विरुद्ध राज्य असं वाटतं. 'सरकारमुक्त' ही निवडणुकीतली घोषणा वाटते. सोमवारी मजकूर द्यायचाय. सुचवा.

काटेकोर
सासरे चुकलेले नाहीत. 'शास्' या धातूच्या पोटात शिकवणे, आज्ञा करणे आणि दंड करणे हे तिन्ही अर्थ आहेत. शिष्य, शास्त्र, शिष्ट ही सगळी त्याच घरची मंडळी. त्या हिशेबाने तुमचं शीर्षक 'शिकवण्यातून मुक्त शिक्षण' असंही होतं. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत 'राज्यसंस्था' हा नेमका शब्द आहे. 'राज्यसंस्थानिरपेक्ष शिक्षण' करा. आणि 'बालकेंद्री' नको, 'बालककेंद्रित' हवं. 'बाल' मराठीत एकटं उभं राहत नाही.

चहाटळ
एकटं उभं राहायला सांगितलंय कोणी, समासात आहे की ते! 'बालककेंद्रित' एकदा मोठ्याने म्हणून दाखवा, दोन 'क' एकमेकांवर आपटतात. 'राज्यसंस्थानिरपेक्ष' वाचून मी तरी पान उलटीन.

जुनी_वही
'मूलकेंद्री' का नाही म्हणत कुणी? घरात आपण 'बालक झोपलंय' थोडंच म्हणतो?

काटेकोर
कारण त्याचा अर्थ 'मुळाशी केंद्र असलेलं' असा होईल. मूळ आणि मूल यांची गल्लत आधीच पुष्कळ आहे.

रानवाट
मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आमच्याकडे 'शासन' आणि 'सरकार' यांत कधी गोंधळ होत नाही. सरकार पडतं, शासन पडत नाही. सरकार टीव्हीवर असतं, शासन मोबाईलवर येतं. शासन निर्णय, शासन परिपत्रक, शासनमान्य, शासनस्तर. 'सरकार निर्णय' असं कोणी म्हटलेलं ऐकलंय का? त्यामुळे लेखाचा विषय जर काय शिकवायचं हे वरून येणं हा असेल, तर 'शासन'च बरोबर. सासऱ्यांना म्हणावं, दोन्ही अर्थ चालतील.

पाटीपेन्सिल
"सरकार पडतं, शासन पडत नाही" हे तळटीपेत टाकू का? 😀

मोडीवाला
'शासनमुक्त' शब्दाला काय झालंय? विनोबा 'शासनमुक्त समाज' म्हणायचेच. शिक्षण सरकारच्या ताब्यात नसावं, न्यायखात्यासारखं स्वतंत्र असावं, असंही त्यांचं म्हणणं होतं. तुमच्या लेखाचा विषय तोच. पुढे आणीबाणीला 'अनुशासनपर्व' म्हणाले, त्यावरून गदारोळ झाला, तेव्हा त्यांनी फोड केली की शासन सत्तेचं असतं, अनुशासन आचार्यांचं. म्हणजे जो फरक तुम्ही शोधताय तो एका उपसर्गात आहे.

चहाटळ
आणि सत्तेने तो उपसर्गासकट उचलला. शब्द कितीही जपून वापरा, भिंतीवर कोण रंगवणार ते आपल्या हातात नसतं.

जुनी_वही
'अनुशासन' मराठीत हिंदीतून आलं. आपला शब्द शिस्त.

मोडीवाला
'शिस्त' आपला? तो फारसी आहे. शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे, बंदूक रोखताना.

काटेकोर
मला हे पटलेलं नाही. 'शिष्ट' वरून 'शिस्त' का नसेल? ष्ट चा स्त होणं अगदीच अशक्य नाही.

मोडीवाला
मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा.

काटेकोर
मोल्सवर्थ म्हणजे वेद नव्हे.

सुईदोरा
नेम धरण्यावरून आठवलं. आमचे चौथीचे मास्तर खडू असा फेकायचे की बरोबर कानाच्या पाळीला लागायचा. फारसी व्युत्पत्तीला माझं मत.

रानवाट
मूळ प्रश्नावर थोडं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात दोन्ही 'शासनं' आहेत. कलम १७ ने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला बंदी. कलम २९ मध्ये उपक्रम, शोध, बालस्नेही, बालकेंद्रित असे शब्द. आणि कलम १८ प्रमाणे मान्यतेच्या प्रमाणपत्राशिवाय खासगी शाळाच चालवता येत नाही. एक शासन गेलं, दुसरं पक्कं झालं, एकाच पुस्तिकेत.
आता अनुभव. शनिवारी दप्तराविना आनंददायी उपक्रम घ्यायचे, हेही शासन निर्णयानेच आलं. दुसरीच्या वर्गात चिंचोके दिले होते, दहाचे गट करायला. एका मुलीने ते रंगावर लावले. गडद काळपट एकीकडे, तांबूस एकीकडे, आणि मधे एक अर्धवट सोललेला, तो कुठे ठेवायचा म्हणून हातातच धरून बसली. दहा मिनिटं. मी मुद्दाम काही बोललो नाही. इतकं सुंदर वर्गीकरण मी पाठात लिहूनही घेऊ शकलो नसतो. पण फोटो पाठवायचा होता आणि उपक्रमाचं नाव होतं 'दशक-एकक'. शेवटी मीच म्हणालो, बाळा, दहादहाचे कर. तिने केले. फोटो छान आला.

सुईदोरा
हातातल्या चिंचोक्याचं काय झालं?

रानवाट
खिशात घातला तिने.

जुनी_वही
याच कायद्याच्या नावात 'मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क' आहे. हक्क आणि सक्ती एका दमात! सक्ती कुणावर?

मोडीवाला
सरकारवर. कलम ८ च्या स्पष्टीकरणात 'सक्तीचं शिक्षण' म्हणजे ते पुरवण्याचं आणि मुलाचा प्रवेश, हजेरी पाहण्याचं सरकारवरचं बंधन, असं दिलंय. शाहू महाराजांच्या १९१७ च्या हुकुमात मात्र मूल न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. शब्द तोच राहिला, काठी दुसऱ्याच्या पाठीवर गेली.

चहाटळ
शब्द तोच राहण्यात 'अंगणवाडी'चा हात कोणी धरणार नाही. ताराबाई मोडक बोर्डीला १९४५ साली मुलं शाळेत येईनात म्हणून शाळा घेऊन अंगणात गेल्या, तो शब्द. गुराख्यांसाठी कुरणशाळा, तसंच. १९७५ च्या २ ऑक्टोबरपासून केंद्राच्या योजनेत तो देशभर गेला. आता अंगणवाडीला पोषण आहाराची रजिस्टरं आहेत, अंगण असेलच असं नाही. 'कुरणशाळा' मात्र कुणी उचलली नाही, म्हणून ती अजून कुरणात आहे.

काटेकोर
'वाडी' हे वाटिका. बाग. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलच्या 'किंडरगार्टन'मध्येही मुलांची बागच आहे.

मोडीवाला
आणि त्या बागेवर प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये बंदी घातली होती. फ्रोबेलच्या पुतण्याची समाजवादी मतं काकाच्या नावावर टाकून. १८६० ला उठली, तोवर फ्रोबेल गेले होते. पण संस्कृत 'वाट' म्हणजे मुळात कुंपण घातलेली जागा. बाग नंतर. वाडा, वाडी, दोन्ही तिथलेच.

काटेकोर
बालवाडीचा संबंध तुम्ही कुंपणाशी लावताय?

मोडीवाला
मी नाही लावला, भाषेने लावलाय.

पाटीपेन्सिल
मंडळी, आज रविवार. शीर्षक?

सुईदोरा
'सरकारी नियंत्रण नको' असं सरळ लिहा ना.

जुनी_वही
सरळ लिहिलं की अनुवाद वाटत नाही, हीच तर मेख आहे.

चहाटळ
@रानवाट, आमच्याकडे 'चिंचुके' म्हणतात. 'चिंचोके' कुठलं?

पाटीपेन्सिल
'मूल, शाळा आणि शासन' करून पाठवलं. सासरे म्हणाले, आता बरोबर आहे. त्यांना काय कळलं ते मी विचारलं नाही.

काटेकोर
'चिंचोका' प्रमाण. 'चिंचुका' बोलीतला.

सुईदोरा
आमची आजी 'चिचोका' म्हणायची, अनुस्वार न देता. आणि ते भाजून खायचे, गटबिट करत नव्हतो.