मदत हवी आहे : शोध सुचतो कसा, हे पोरांना कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडकडच्या खेड्यात सातवी-आठवीला विज्ञान शिकवतो. विज्ञान दिनाला पोरं शोधांची नावं धडाधड सांगतात, पण शोध सुचतो कसा हे त्यांना कुणी दाखवतच नाही.

आमच्याच तालुक्यातल्या नांदेड नावाच्या खेड्यातले शेतकरी दादाजी खोब्रागडे, शिक्षण जेमतेम तिसरी. १९८३ मध्ये धानाच्या बांधीत (खाचरात) काही लोंब्या त्यांना वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, आणि त्यातूनच पुढे एचएमटी हा धानाचा नवा वाण आला. ही नजर पोरांत कशी रुजवायची? प्रयोगशाळा नाही, बांधी, बोडी (छोटं तळं), जंगल आहे. वर्गाबाहेर करून घेता येईल अशी एखादी कृती सुचवा. तुमच्या गावात असं काही शोधून काढलेला शेतकरी किंवा सुतार-लोहार असेल, तर त्याला नेमकं काय खटकलं होतं, तेही लिहा.